युटा भरलं कसं? मॉर्मन समाजाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आईवडील झायन आणि ब्राइस या राष्ट्रीय उद्यानांतले लाल कडे पाहून परततात, तेव्हा सहलीच्या गप्पांत युटा राज्याविषयी एक वाक्य हमखास येतं : "तिथे ते मॉर्मन राहतात ना, चार-चार बायका करणारे?" कुणी त्यांना घोडागाडीतून फिरणारे, वीज न वापरणारे आमिश समजतं. पावणेदोनशे वर्षांचा इतिहास असा एका वाक्यात गुंडाळला, की त्यातली सगळ्यात विलक्षण गोष्टच निसटते. डोंगर आणि वाळवंट यांच्या मधला हा प्रदेश माणसांनी भरला कसा, ही ती गोष्ट. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

गैरसमज : बहुपत्नीत्वामुळे मॉर्मन वाढले आणि त्यातूनच युटा वसलं.

साधा हिशेब मांडून पाहा. एका पुरुषानं चार लग्नं केली म्हणून गावातल्या स्त्रियांची संख्या वाढत नाही. मुलं स्त्रियांना होतात आणि त्यांतल्या किती जणी एका घरात नांदतात यानं गावातले एकूण जन्म फारसे बदलत नाहीत. उलट अशा घरांतल्या स्त्रियांना सरासरीनं थोडी कमीच मुलं झाली, असं जुन्या वंशावळींचा अभ्यास करणाऱ्यांना आढळलं आहे. शिवाय प्रथा ऐन भरात असतानाही बहुतेक मॉर्मन पुरुषांना एकच बायको होती.

युटा भरलं ते बाहेरून आलेल्या माणसांनी. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात मॉर्मन पंथ स्थापन केला. ओहायो, मिसुरी, इलिनॉय अशा ठिकठिकाणांहून अनुयायांना हुसकावण्यात आलं आणि १८४४ मध्ये जमावानं तुरुंगात घुसून स्मिथ यांना ठार मारलं. ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरली. त्या तुकडीत दीडशेसुद्धा माणसं नव्हती. तो मुलूखही तेव्हा अमेरिकेचा नव्हता, मेक्सिकोचा होता.

पुढचं काम धर्मप्रचारकांनी केलं. ते १८३७ पासूनच इंग्लंडमध्ये होते. गिरण्या आणि खाणींच्या गावांत त्यांना इतका प्रतिसाद मिळाला, की १८५० च्या सुमारास युटापेक्षा ब्रिटनमध्येच मॉर्मन जास्त होते. नंतर डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वेची माणसं आली. १८४९ मध्ये पंथानं स्थलांतरासाठी एक कायमचा निधी उभारला. गरिबांना प्रवासखर्च कर्जाऊ द्यायचा, त्यांनी युटात कमावून तो फेडायचा आणि त्या पैशांतून पुढची माणसं आणायची. चार्ल्स डिकन्स १८६३ साली लंडनच्या गोदीत असंच एक मॉर्मन जहाज पाहायला गेले होते. मनात अढी धरून गेलेले डिकन्स प्रवाशांची शिस्त आणि टापटीप पाहून चकित झाले आणि त्यांनी तसं प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं.

जनगणनेचे आकडे या येण्याची साक्ष देतात. १८५० मध्ये युटाची नोंदलेली लोकसंख्या ११,३८० होती, १८६० मध्ये ती ४०,२७३ झाली आणि १८७० मध्ये ८६,७८६. या आकड्यांना किंमतही मोजावी लागली. बैलगाड्या परवडेनात म्हणून १८५६ पासून काही तुकड्या सामान हातगाड्यांवर लादून, त्या स्वतः ओढत दोन हजार किलोमीटर चालल्या. त्याच वर्षी उशिरा निघालेल्या दोन तुकड्या आजच्या वायोमिंगमध्ये बर्फात अडकल्या आणि दोनशेहून अधिक माणसं थंडीनं, उपासमारीनं गेली. त्यांत म्हातारी माणसं होती, तान्ही मुलं होती. मॉर्मन घरांतून ही आठवण आजही जपली जाते.

गैरसमज : ती जमीन ओसाड, बिनमालकीची होती.

राज्याचं नावच यूट या आदिवासी लोकांवरून पडलं आहे. यूट, शोशोनी, गोशूट, पायूट आणि नवाहो इथे पिढ्यान् पिढ्या राहत होते. मॉर्मन लोकांनी आल्या आल्या ओढ्याला बांध घातला, पाट काढले, पाण्यावर सगळ्यांचा हक्क ठेवला आणि ब्रिगहॅम यंग यांच्या हयातीत तीनशेहून अधिक वस्त्या उभ्या केल्या. हे कर्तृत्व खरंच मोठं आहे. पण ज्या ओढ्यांकाठी या वस्त्या झाल्या तीच मूळ रहिवाशांची शिकारीची आणि कंदमुळांची जागा होती. उपासमार, लढाया, रोग आणि शेवटी यूट लोकांची पूर्वेकडच्या राखीव प्रदेशात रवानगी, असा त्याचा शेवट झाला.

आणखी एक प्रसंग टाळून पुढे जाता येणार नाही. ११ सप्टेंबर १८५७ रोजी युटातल्या माउंटन मेडोज इथे कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या प्रवाशांच्या तांड्याला स्थानिक मॉर्मन सैनिकांनी सुखरूप जाऊ देण्याचा शब्द दिला आणि मग सुमारे १२० जणांची कत्तल केली. त्यात काही पायूट लोकांनाही सामील करून घेतलं होतं. देहदंडाची शिक्षा झाली ती त्या सैनिकांपैकी एकट्या जॉन ली यांना, तीही वीस वर्षांनी. छळ सोसलेली माणसंही छळ करू शकतात, हे या इतिहासात स्वच्छ दिसतं.

गैरसमज : मॉर्मन आजही अनेक बायका करतात.

पंथानं ही प्रथा १८५२ मध्ये जाहीरपणे मान्य केली, हे खरं. नंतर अमेरिकी काँग्रेसनं एकामागून एक कडक कायदे केले, शेकडो पुरुष तुरुंगात गेले, पंथाची मालमत्ता जप्त झाली. १८९० मध्ये पंथप्रमुख विल्फर्ड वुडरफ यांनी अशी लग्नं थांबवण्याचं निवेदन काढलं. बहुपत्नीत्वावर कायमची बंदी घालणारी राज्यघटना घेऊनच युटा ४ जानेवारी १८९६ रोजी राज्य झालं. तरी गुपचूप लग्नं होत राहिली, म्हणून १९०४ मध्ये दुसरं निवेदन निघालं. आज असं लग्न करणाऱ्याला पंथातून काढून टाकतात. बातम्यांत दिसणारे लोक फुटून निघालेल्या छोट्या गटांचे असतात. अल्पवयीन मुलींवरच्या अत्याचाराबद्दल २०११ मध्ये जन्मठेप झालेला वॉरन जेफ्स अशाच एका गटाचा म्होरक्या आहे.

गैरसमज : तिथल्या स्त्रियांना कधी आवाजच नव्हता.

इथे चित्र गुंतागुंतीचं आहे आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. युटातल्या स्त्रियांना मतदानाचा हक्क १८७० मध्ये मिळाला, संपूर्ण अमेरिकेच्या पन्नास वर्षं आधी. हक्क मिळाला की त्या बहुपत्नीत्व मोडून काढतील, अशी बाहेरच्यांची अपेक्षा होती. तसं झालं नाही, तेव्हा १८८७ मध्ये काँग्रेसनं तो हक्कच काढून घेतला. राज्य झाल्यावर तो परत आला. त्याच वर्षी डॉ. मार्था ह्यूज कॅनन राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सिनेटमधल्या त्या पहिल्या स्त्री. हरलेल्या उमेदवारांत त्यांचे पतीही होते. आणि हो, त्या स्वतः त्या पतीच्या चौथ्या पत्नी होत्या.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, तिथूनच रोमेनिया प्रॅट १८७७ मध्ये आणि एलिस शिप १८७८ मध्ये पदवी घेऊन युटाला परतल्या होत्या. दोघीही बहुपत्नीक संसारातल्या. एलिस शिप यांच्या मुलांना घरी सवतींनी सांभाळलं. पुढे त्यांनी सॉल्ट लेक सिटीत सुईणींना शिकवण्याची शाळा चालवली. असं असूनही पंथाचं पौरोहित्य आजतागायत पुरुषांकडेच आहे. कृष्णवर्णीय पुरुषांना तर ते १९७८ पर्यंत बंद होतं.

गैरसमज : युटात सगळे मॉर्मनच राहतात, आणि मॉर्मन म्हणजे युटाचेच.

दोन्ही चूक. पंथाच्या स्वतःच्या नोंदींनुसार राज्यातले साधारण साठ टक्के लोक सदस्य आहेत. पण लोकांनाच धर्म विचारणाऱ्या पाहण्यांत हा वाटा बराच कमी निघतो, कारण नावं वहीत असूनही अनेक जण मनानं बाहेर पडलेले असतात. खुद्द राजधानीत मॉर्मन अल्पसंख्य आहेत. २०२० मध्ये राज्याची लोकसंख्या ३२ लाखांवर गेली. त्यात नोकरीसाठी आलेले असंख्य परप्रांतीय आहेत. दुसरीकडे जगभर पंथाचे १ कोटी ७० लाखांहून अधिक सदस्य नोंदलेले आहेत आणि त्यांतले निम्म्याहून जास्त अमेरिकेबाहेर राहतात.

राज्यकारभारावर मात्र पंथाची छाप ठळक आहे. विधिमंडळात मॉर्मन सदस्यांचं मोठं बहुमत असतं आणि दारूचे नियम कडक आहेत. तरी १९३३ मध्ये अमेरिकेतली दारूबंदी उठवणारं निर्णायक ३६ वं मत दिलं ते याच युटानं. धार्मिक मॉर्मन घरात पाहुण्याला चहा-कॉफी मिळणार नाही. कोला मात्र मिळेल. मनाई आहे ती दारू, तंबाखू, चहा आणि कॉफीची.

आणि वीज न वापरणारे आमिश? इंटरनेटची पूर्वज असलेली आर्पानेट १९६९ मध्ये ज्या पहिल्या चार ठिकाणी जोडली गेली, त्यांत युटा विद्यापीठ होतं. इलेक्ट्रॉनिक टेलिव्हिजनचे जनक फायलो फार्न्सवर्थ युटातल्याच मॉर्मन घरात जन्मले.

शेवटी एक फारसा कुणाला ठाऊक नसलेला धागा. युटा वसून पाच वर्षं होतात न होतात तोच, १८५२ मध्ये, ह्यू फिंडले नावाचे मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरले आणि तिथून पुण्याला गेले. छावणीतल्या अधिकाऱ्यांच्या विरोधाला न जुमानता त्यांनी पुण्यात एक चिमुकली शाखा उभी केली. ती टिकली नाही. आज उलट दिशेनं पाहिलं, तर युटातल्या स्पॅनिश फोर्क गावात टेकडीवर राधाकृष्णाचं मंदिर आहे. तिथल्या रंगपंचमीसारख्या होळीला हजारो तरुण येतात आणि त्यांत मोठी गर्दी असते ती जवळच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या मॉर्मन मुलामुलींची.