दवण्याच्या चुलत बहिणीचा वास

गेल्या महिन्यात अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या बाईंनी रोह्यातली खोली सोडली. दर गुरुवारी पनवेलहून दिवा-रोहा गाडीने यायच्या, खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात सुयांची पाकिटं. त्या जागेत आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान होणार आहे म्हणे. पाटी उतरवताना शिडी मी धरली होती.

चिनी उपचार आमच्या घरात पहिल्यांदा आले ते चपलांच्या रूपाने. नव्वदच्या दशकात त्या रबरी काट्यांच्या अ‍ॅक्युप्रेशरच्या चपलांचं खूळ होतं. वडील दोन दिवस त्या घालून ‘आई गं’ करत फिरले, तिसऱ्या दिवशी चपला न्हाणीघरात गेल्या. पुढची वर्षं माझी धाटावच्या कारखान्यात पाळ्या करण्यात गेली. त्यांवर लिहिण्यासारखं काही नाही.

२०११ साली उजवा खांदा आखडला. वडिलांच्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला हात वर जाईना. मुंबईतल्या एका नामांकित डॉक्टरांनी एमआरआय नीट पाहिला, मला मात्र पाहिलंच नाही. चार मिनिटांत ऑपरेशनची तारीख देऊन मोकळे झाले. परत येताना गाडीत कुणीतरी बाईंचं नाव सांगितलं.

खांदा दाखवला तर बाईंनी सुई टोचली ती नडगीच्या बाजूला, गुडघा आणि घोटा यांच्या बरोबर मध्ये. मला वाटलं, बाई चुकल्या. त्या म्हणाल्या, “काका, आता हात हलवत राहा.” या जागेला ‘तियाओखौ’ म्हणतात. सुई डासाएवढी चावली, मग तिथे जडशीळ ओढ लागली. चिनी वैद्य या ओढीला ‘ते-छी’ म्हणतात, ती आल्याशिवाय सुई लागली असं ते मानत नाहीत. नंतर बाई मोक्शाची कांडी पेटवून खांद्याजवळ धरायच्या. त्या धुराचा वास ओळखीचा वाटायचा, पण नाव आठवेना. चैत्रात देवाला दवणा वाहताना उलगडा झाला. मोक्शाची वनस्पती दवण्याच्याच कुळातली. २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना नोबेल मिळालं ते हिवतापावरच्या औषधासाठी, तेही याच कुळातल्या एका रोपातून काढलेलं.

चार महिन्यांनी घड्याळाला चावी दिली. आखडलेला खांदा कधीकधी आपोआपही सुटतो, असं आमचे फॅमिली डॉक्टर कुत्सितपणे म्हणाले. सुटत असेल. जर्मनीत पाठदुखीच्या ११६२ रुग्णांवर केलेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांनी शंभरातल्या साधारण २७ जणांना फरक पडला, सुयांनी ४७ जणांना. पण खऱ्या जागा सोडून भलतीकडेच वरवर टोचलेल्या सुयांनीही ४४ जणांना! बाईंना हे सांगितलं तर त्या खळखळून हसल्या. “म्हणजे अर्धा तास कुणीतरी शेजारी बसलं, हे औषध धरायचं की नाही?” त्यांनी मधुमेह बरा करते असं कधी म्हटलं नाही. तसं म्हणणारे शिबिरवाले येऊन गेले, मोठे फलक लावून. त्यांच्याकडे रांगा लागल्या.

ताई-ची बाईंनीच शिकवलं, १९५६ साली चीनच्या क्रीडा खात्याने बसवलेला चोवीस हालचालींचा सोपा क्रम. सकाळी सहाला कुंडलिकेच्या काठी आम्ही अकराजण. मला जमेना, तेव्हा अष्टमी गावच्या एक आजी म्हणाल्या, “अरे, लावणीच्या चिखलात चालतोस तसा चाल की. आधी पाय रोव, मग भार टाक.” पुस्तकात पानभर समजावलेलं ते हेच. ‘ढगांचे हात’ करताना नाक्यावरची पोरं ओरडायची, “आजोबा, नेट स्लो आहे का?” ती वर्षं मला आजही पुरतात.

२०१७ च्या सुमाराला एक गृहस्थ रोज काठावर येऊन सांगू लागले की हे सगळं मुळात आपलंच, बोधिधर्म नावाच्या भिक्षूने तिकडे नेलेलं. बरं बुवा. मग जून २०२०. गलवानच्या चकमकीनंतर तेच गृहस्थ म्हणाले, चिनी कवायत नदीकाठी चालणार नाही. मी सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची आठवण करून दिली. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातल्या विजयकुमार बसूंनी पुढे चीनमध्ये ही सुईविद्या शिकून ती कोलकात्यात आणली. “ते वेगळं,” गृहस्थ म्हणाले. काय वेगळं, ते अजून सांगायचेत.

खरी लाज पुढची. गट टिकावा म्हणून ‘मंदगती योग’ हे नाव मीच सुचवलं. बाईंनी मान्य केलं, पण त्या सकाळनंतर त्या नदीवर आल्या नाहीत, फक्त गुरुवारी खोलीत येत. लांबलेल्या टाळेबंदीने उरलेलं काम केलं. अकराचे चार झालो, मग मी एकटा. गंमत म्हणजे महाराष्ट्राचा अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा २०१५ सालचाच, केंद्राने २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिलेली. कागदावर विद्या पास झाली आणि इथे पेशंट आटले. कोलाडच्या बाजूला रिसॉर्टमध्ये मात्र तासाच्या बोलीवर ‘वेलनेस’ मिळतं. भिऱ्याच्या वीजकेंद्राचं पाणी सुटलं की राफ्टिंग, दुपारी मसाज. शेजारी कोण बसतं, कुणास ठाऊक.

पाटी उतरल्यावर बाईंनी मोक्शाची उरलेली अर्धी कांडी मला दिली. ती कपाटात कपड्यांत ठेवलीय. परवा बायको म्हणाली, “दवणा कुठून आणलास या दिवसांत?” घड्याळाला चावी आता तीच देते, स्टुलावर चढून.