दत्तक व्यक्तींचा मूळ शोध

दत्तक व्यक्तींचा मूळ शोध म्हणजे दत्तक गेलेल्या व्यक्तीने आपले जन्मदाते, आपले जन्मस्थान आणि आपण संस्थेत कोणत्या परिस्थितीत दाखल झालो, याविषयी माहिती मिळविण्यासाठी केलेला शोध होय. शासकीय व्यवहारात यासाठी ‘रूट सर्च’ हा शब्द रूढ आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुणे, मुंबई आदी शहरांतील संस्थांमधून अनेक बालके युरोप व अमेरिकेतील कुटुंबांत दत्तक गेली. ती आता प्रौढ झाली असून त्यांच्यापैकी काही जण हा शोध घेत महाराष्ट्रात येतात. देशातच दत्तक गेलेल्यांनाही हा अधिकार आहे.

पार्श्वभूमी

परंपरागत दत्तकविधानात मुळाचा शोध घेण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. दत्तक मुलगा बहुधा भाऊबंदांतून घेतला जाई आणि त्याचे जन्मदाते सर्वांना ठाऊक असत. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाले. परंतु त्यांचे जन्मघराणे कधी लपविले गेले नाही.

गुप्ततेची वाट निराळ्या कारणाने आली. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले आणि १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने बालकाश्रम उभा राहिला. अडचणीत सापडलेल्या विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे आणि बाळाचा जीव वाचावा, हा अशा संस्थांचा उद्देश होता. आईचे नाव झाकणे हीच तेथे दया होती. फुले दांपत्याने दत्तक घेतलेल्या यशवंताची आई काशीबाई हिचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे; परंतु अशा गृहांत जन्मलेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. आईला वाचविणारी हीच गुप्तता पुढे मुलाच्या वाटेतील भिंत ठरली.

कायदेशीर तरतुदी

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ परदेशी दांपत्यांना लागू नव्हता. ते पालक व पाल्य कायदा, १८९० खाली न्यायालयाकडून पालकत्व मिळवीत व दत्तकविधान आपल्या देशात पूर्ण करीत. या व्यवहारातील गैरप्रकारांविषयीच्या लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मूल सज्ञान झाल्यावर त्याला जन्मदात्यांची माहिती देण्यास गंभीर हरकत नसावी, असे मत त्यात आहे. मात्र निर्णय दत्तक पालकांच्या विवेकावर सोपविला होता.

बालहक्क संहितेचा भारताने १९९२ मध्ये स्वीकार केला. तिच्या सातव्या अनुच्छेदात शक्य तेथवर आपले आईवडील जाणण्याचा बालकाचा हक्क मान्य केलेला आहे. आंतरदेशीय दत्तकासंबंधीच्या १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार बालकाच्या मुळाविषयीची माहिती जतन करणे बंधनकारक ठरले. १९९० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणास (कारा) बाल न्याय अधिनियम, २०१५ ने वैधानिक दर्जा दिला. सध्या २०२२ ची दत्तक नियमावली लागू आहे.

या नियमावलीनुसार अठरा वर्षांवरील व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. त्याहून लहान बालकाने दत्तक पालकांसह अर्ज करावयाचा असतो. स्वाधीन करताना जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली असल्यास त्यांची लेखी संमती घ्यावी लागते. त्यांनी नकार दिला किंवा त्यांचा ठावठिकाणा लागला नाही, तरी कोणत्या परिस्थितीत मूल स्वाधीन केले हे अर्जदाराला सांगितले जाते. त्रयस्थाला शोधाची परवानगी नाही.

नोंदींचे महत्त्व

शोध कोठवर जाईल, हे पुष्कळदा पहिल्या दिवशी झालेल्या नोंदीवर ठरते. स्वाधीन केलेल्या मुलाच्या कागदांत आईची सही व पत्ता असू शकतो. आज बाल कल्याण समितीपुढे मूल स्वाधीन केल्यावर पालकांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. टाकून दिलेल्या अवस्थेत सापडलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याच्या कागदांतून सापडल्याची जागा, दिवस आणि पोलिसांतील नोंद यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. ‘टाकलेले’ हा शेरा खरा होता की सोयीचा, हा संशय अनेक अर्जदारांना छळतो, आणि तो निराधार म्हणता येत नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिच व थुरगाऊ या प्रांतांनी १९७३ ते २००२ या काळातील भारतीय दत्तकांचा इतिहास संशोधकांकडून तपासून घेतला. ‘आई अज्ञात’ अशा अर्थाच्या शीर्षकाने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, तपासलेल्या कागदांत जन्मदात्या आईचे संमतीपत्र आढळले नाही.

पुण्यात १९७३ मध्ये जन्मलेले व जर्मनीत वाढलेले अरुण डोहले यांनी आपली कागदपत्रे मिळविण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात व पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. दीर्घ शोधानंतर त्यांची आईशी भेट झाली. बालकांच्या व्यापाराविरुद्ध काम करणाऱ्या संघटनेचे कार्यकर्ते म्हणून ते ओळखले जातात.

गोपनीयता आणि गाव

मुलाच्या अधिकाराने जन्मदात्यांच्या खासगीपणाचा भंग होऊ नये, असे नियमावली सांगते. शहरात ही अट कोरडी वाटेल. खेड्यात तिचा अर्थ उमगतो. समजा, जुन्या नोंदीत ‘रोहिणखेड, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा’ एवढेच लिहिले आहे. परदेशातून आलेला तरुण गावात जाऊन पारावर चौकशी करू लागला, तर संध्याकाळपर्यंत ती साऱ्या गावाला कळेल. ती स्त्री कदाचित आज दुसऱ्या घरची सून, आई, आजी असेल आणि घरात कोणाला काही ठाऊक नसेल. म्हणून चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि संबंधित दत्तक संस्थेमार्फत व्हावी, अशी अपेक्षा आहे. ही यंत्रणा संथ आहे, आणि वाट पाहणाऱ्याची आई दरम्यान वृद्ध होत असते, ही अर्जदारांची तक्रारही रास्तच आहे.

अलीकडे काही जण खासगी कंपन्यांच्या डीएनए चाचणीकडे वळतात. त्यासाठी नातेवाइकानेही त्याच संग्रहात नमुना दिलेला असावा लागतो. ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रीने तसा नमुना दिलेला असण्याची शक्यता फार थोडी. त्यामुळे बहुधा जुळतात ते दूरचे भाऊबंद, किंवा असाच शोध घेणारे दुसरे दत्तक गेलेले कोणी.