भर समुद्रातलं वादळ : शिडं उतरल्यानंतर
(लेखांक ६)

वारा वाढू लागला की शीड वेळेत कसं आखडायचं, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. पण सगळी शिडं उतरवली, तरी नुसत्या डोलकाठीवर बसणाऱ्या वाऱ्याने होडी धावतच राहते, अशीही वेळ येते. दक्षिण महासागरात ती हमखास येते. अंटार्क्टिकाभोवतीच्या या पाण्याला अडवायला जमीनच नाही, त्यामुळे लाटा हजारो मैल वाढत येतात. तिथे वाऱ्यापेक्षा फुटणाऱ्या लाटेला भ्यावं.

ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ ही होडी मुंबईत बांधलेली, सागवानी, जेमतेम ३२ फुटांची. १४ जून १९६८ रोजी ते फालमथहून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतले. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. दक्षिण महासागरात शिरल्यावर थोड्याच दिवसांत एका लाटेने सुहैलीला पार आडवं पाडलं. ती सावरली, पण केबिनचे सांधे हलले होते. असे आणखी तडाखे तिला सोसले नसते.

मग त्यांनी सातशे फुटांहून लांब दोर काढला, त्याची दोन्ही टोकं होडीच्या मागच्या बाजूला बांधली आणि मधला फास पाण्यात सोडून दिला. होडीचा वेग मंदावला, पाठ लाटेकडे राहिली, लाटा खालून निघून जाऊ लागल्या.

एवढ्याशा दोराने हे साधतं कसं? वेगात असलेली होडी लाटेच्या उतारावरून घसरते आणि नाळ समोरच्या पाण्यात घुसते. त्याच वेळी मागे शिखरावरचं पाणी होडीच्याच दिशेने धावत असतं, म्हणून सुकाणूला पकड उरत नाही. होडी गर्रकन फिरून लाटेला आडवी होते, आणि आडव्या होडीवर तिच्या लांबीच्या निम्म्याहून थोडी उंच लाट फुटली तरी ती उलटू शकते. मागचा दोर तिला फिरू देत नाही.

फ्रेंच दर्यावर्दी बर्नार मोइतेसिए यांचा अनुभव मात्र उलटा. १९६५-६६ च्या सफरीत ओढत नेलेल्या दोरांमुळे त्यांची ‘जोशुआ’ सुकाणूला दाद देईना. त्यांनी दोर कापून टाकले आणि लाटा किंचित तिरक्या घेत ती वेगात हाकली. पोलादी, ३९ फुटी जोशुआ तरली. तरीही एकट्या, थकलेल्या खलाशासाठी माझं मत नॉक्स-जॉन्स्टन यांच्या बाजूने आहे. मोइतेसिएंच्या रीतीला सुकाणूवर सतत जागा हात लागतो. दोर सोडला की माणसाला खाली जाऊन झोपता येतं. सलग तीन दिवस वादळ चाललं, तर ती झोपच पुढचे निर्णय ताळ्यावर ठेवते.

पुढच्या आठवड्यात वादळात सापडलेली १९७९ ची फास्टनेट शर्यत. तिथे २४ होड्या सोडून दिल्या गेल्या आणि त्यांतल्या १९ नंतर तरंगत सापडल्या. होडी नेमकी कधी सोडायची, ते त्या शर्यतीवरून पाहू.