इम्पालाचा ब्रेक आणि आईचा कुकर

‘‘अगं, ही गाडी आहे की आगबोट?’’ सांगलीहून आलेल्या वहिनींनी आमच्या गॅरेजमध्ये पाऊल टाकताच विचारलं. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. १९६५ ची शेव्हरोलेट इम्पाला! लांबी पावणेअठरा फूट, तर मारुती ८०० जेमतेम अकरा फुटांची. वजन सोळाशे किलोच्या वर. आणि पेट्रोल? लिटरला पाच-सहा किलोमीटर गेली तरी देव पावला.

आम्ही राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ. मोटारींचंच गाव ते, त्यामुळे जुन्या गाड्यांचं इथे भारी वेड. मुलं मार्गी लागल्यावर ह्यांनीही हौस भागवून घेतली. पण एक अट, सगळं कसं ‘ओरिजिनल’ हवं! रेडिओ, सीटचं कापड, अगदी दाराचं रबरसुद्धा. मी आधी नाकं मुरडली. मग एकदा चालवायला बसले नि मीच तिच्या प्रेमात पडले.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नऊ वर्षांच्या नातीला घेऊन आइस्क्रीम खायला निघाले होते. मागच्या सीटवर ती, कमरेला पट्टा तेवढा. उतारावर सिग्नल लाल झाला. ब्रेक दाबला, तर पाय थेट तळाला! पुन्हा दाबला. काहीच नाही. गिअर खाली घेतला, पायाचा पार्किंग ब्रेक दाबला (तो वेगळ्या तारेवर चालतो, म्हणून वाचलो) आणि गाडी फुटपाथच्या कडेला घासत उभी केली. माझे हातपाय लटपटत होते. नात मागून म्हणते, ‘‘आजी, अजून एकदा!’’

गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने सगळं समजावून सांगितलं. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं, त्याने नळ्या आतून गंजतात. बाहेरून हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ असतंच. आणि १९६५ च्या ह्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकना तेल पुरवणारा कप्पा एकच. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले! १९६७ च्या मॉडेलांपासून तिथे दोन कप्पे आले. पुढच्या आणि मागच्या चाकांचे वेगवेगळे. गंमत बघा, अमेरिकन मोटारींच्या सुरक्षिततेचे वाभाडे काढणारं राल्फ नेडर यांचं पुस्तक १९६५ मध्येच आलं आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यासाठी कायदा झाला.

‘‘दोन कप्प्यांचे ब्रेक बसवून टाकू,’’ मी म्हटलं. हे म्हणाले, ‘‘मग ती १९६५ ची कशी राहील?’’ तीन दिवस घरात अबोला!

चौथ्या दिवशी मी आईच्या कुकरची आठवण काढली. चाळीस वर्षं तो कुकर आमच्या घरी होता. रिंग किती वेळा बदलली ह्याची गणती नाही, सेफ्टी व्हॉल्व्हही बदलला. तरी तो आईचाच कुकर राहिला ना? शिट्टीची वाट तुंबली तर वाफ जायला व्हॉल्व्हची दुसरी वाट असते. आम्हा बायकांना जे रोज ओट्याशी कळतं, ते ह्या आगबोटीला का नको?

हे हसले, तह झाला. माझ्या साठवणीतल्या पैशांतून दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आला, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, सगळ्या नळ्या नव्या, आणि खांद्यावरून येणारे पट्टे. काढलेले जुने भाग ह्यांनी तेल लावून, चिठ्ठ्या चिकटवून तळघरात खोक्यात जपून ठेवलेत. तहातली तीच तर अट होती!

ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी इथल्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्राच भरते. १९९५ मध्ये फर्नडेल गावातल्या मुलांच्या सॉकरच्या मैदानाला निधी हवा म्हणून ती सुरू झाली. गेल्या वर्षी आम्हीही गेलो. एका जाणकाराने बॉनेटमध्ये डोकावून नाक मुरडलं, ‘‘ब्रेक ओरिजिनल नाहीत.’’

मी काही बोलायच्या आतच हे म्हणाले, ‘‘नसू देत. मागे बसलेली नात ओरिजिनल आहे!’’

मैत्रिणींनो, आज कुकर लावाल तेव्हा त्याचा व्हॉल्व्ह शेवटचा कधी बदलला होता, तेवढं जरा आठवून बघा.