कॅमेरा पाटी वाचतो, पण पाटीवर नाव कोणते?

शिरूरहून न्हावरेमार्गे दौंड तालुक्यातल्या चौफुल्याकडे जाताना ऊस वाढलेला असला की वळणाची पाटी अगदी जवळ गेल्यावर दिसते. रोजचा माणूस सवयीने गाडी वळवतो. नवख्याचे काय? आता पाट्या शोधण्याचे काम कॅमेऱ्याकडे जात आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२५ मध्ये दिल्लीच्या ट्रिपल आयटीशी त्यासाठी करार केला. सुमारे २५ हजार किलोमीटर महामार्गाच्या चित्रणातून कोणती पाटी कुठे व कोणत्या अवस्थेत आहे, हे संगणक नोंदवणार.

हे होते कसे? हजारो फोटो दाखवून शिकवलेला संगणक चित्रातला लाल कडेचा त्रिकोण, गोल, अष्टकोन ओळखतो. पण एका फोटोवरून अंतर नीट कळत नाही. जवळची लहान आणि लांबची मोठी पाटी सारखीच दिसते. म्हणून तीच पाटी दोन जागांवरून पाहायची. समजा, ती आधी गाडीच्या दिशेपासून डावीकडे ५ अंशांवर दिसली आणि गाडी २० मीटर पुढे गेल्यावर १० अंशांवर. दोन्ही जागांवरून नजरेच्या रेषा ओढल्या की त्या जिथे मिळतात तिथे पाटी असते: पहिल्या जागेपासून सुमारे ४० मीटर पुढे आणि साडेतीन मीटर डावीकडे. शाळेतलाच त्रिकोण! तशीच उंचीही निघते. गोल पाटी लंबगोल दिसली, तर ती किती वळली आहे तेही कळते. गाडीची जागा जीपीएस सांगते. ती चुकली तर पाटीही चुकते, म्हणून अनेक फोटोंचा मेळ घालतात.

उसाआडची पाटी मात्र कॅमेऱ्यालाही दिसत नाही. आणि यवत, पाटस, कुरकुंभवरून जाणारा सोलापूर महामार्ग तपासला गेला, तरी त्याला फुटलेला वस्तीचा रस्ता त्यात येत नाही.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. संगणक पाटीवरची अक्षरेही वाचतो आणि ती नकाशात जाऊ शकतात. जुलै २०२२ मध्ये गूगलचे रस्त्यांचे चित्रण भारतात दहा शहरांत सुरू झाले. त्यांत पुणे होते आणि तेव्हाचे अहमदनगरही. शिरूर या दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. कामानिमित्त फिरताना मी पाहिले आहे, ग्रामपंचायतीच्या कागदावर नवे नाव येते, फाट्यावरची पाटी मात्र जुनीच राहते. यंत्राला ठराव दिसत नाही, पाटी दिसते. पुसट झालेले ते जुने नाव मग मोबाइलवर स्वच्छ अक्षरांत उमटू शकते.

पुढच्या ग्रामसभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एवढेच विचारा: वस्तीच्या नावाचा ठराव झाला का, आणि झाला असेल तर पाटी कधी रंगवणार?