इंग्रजीच्या चुकांचे मूळ मराठीच्या सवयीत

मराठी माध्यमातून शिकलेला पदवीधर मुलाखतीत अडखळला, की ‘याचे इंग्रजी कच्चे’ असा शिक्का बसतो. वस्तुतः अशा अनेक चुका अज्ञानातून नव्हे, तर मराठी वाक्यरचनेच्या सवयीतून होतात. म्हणूनच त्या सुधारताही येतात.

आरंभी शब्दकोश पाठ करण्याचा खटाटोप करू नये. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत नित्योपयोगी असे सुमारे २००० शब्दच होते. तेवढे पक्के झाले, की सोपे वाचन सुरू करता येते.

दुसऱ्या टप्प्यात शब्द सुटे न शिकता जोडीने शिकावेत. मराठीत चूक ‘करतात’ आणि गृहपाठही ‘करतात’. इंग्रजीत मात्र ‘मिस्टेक’साठी ‘मेक’, तर ‘होमवर्क’साठी ‘डू’ योजावे लागते. ‘पासून’ या शब्दाचेही तसेच. ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘२०२० पासून’ या दोहोंसाठी मराठीत एकच अव्यय आहे. इंग्रजीत कालावधीसाठी ‘फॉर’, तर आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’. शिवाय ‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’ यातील साधा वर्तमानकाळ तेथे चालत नाही. ‘हॅव बीन लिव्हिंग’ अशी रचना करावी लागते.

प्रावीण्याच्या पायरीवर ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ ही उपपदे कसोटी पाहतात, कारण मराठीत तशी उपपदेच नाहीत. केवळ नियम घोकण्यापेक्षा इंग्रजी वृत्तपत्रातील एक परिच्छेद रोज मराठीत उतरवावा, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा इंग्रजीत आणावा आणि मुळाशी ताडून पाहावा. आपली चूक नेमकी कोठे होते, हे त्यातून आपोआप उमगते.