मोबाईलवर चकाचक दिसणारा फोटो छापल्यावर का फाटतो? अर्जात का अडकतो? समजून घ्या पिक्सेल, केबी आणि डीपीआयचं गणित

भरतीच्या अर्जाची शेवटची तारीख, केंद्रावर रांग आणि फोटो अपलोड करताच स्क्रीनवर लाल अक्षरांत सूचना येते : फाईलचा आकार चुकीचा. तालुक्याच्या ठिकाणी हे चित्र दर भरतीला दिसते. दुसरीकडे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा फोटो मोठा करून फ्रेम करायला द्यावा, तर स्टुडिओवाला सांगतो, "हा फाटणार, ओरिजिनल आणा." दोन्हीकडे अडचणीचे मूळ एकच आहे. फोटोचे 'रिझोल्युशन' म्हणजे काय, हे नीट माहीत नसल्याने ऐनवेळी धावपळ होते.

पिक्सेल म्हणजे फोटोचे दाणे

डिजिटल फोटो बारीक बारीक रंगीत चौकटींचा बनलेला असतो. त्या एका चौकटीला पिक्सेल म्हणतात. फोटो आडवा ४००० आणि उभा ३००० पिक्सेल असेल, तर गुणाकार होतो १ कोटी २० लाख. यालाच १२ मेगापिक्सेल म्हणतात. मोबाईलच्या जाहिरातीत ५० किंवा १०८ मेगापिक्सेल लिहिलेले असले, तरी असे बरेच फोन साध्या सेटिंगवर १२ मेगापिक्सेलच्या आसपासचाच फोटो देतात.

चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० पिक्सेल धरले जातात. 'डीपीआय ३००' म्हणतात ते हेच. त्यामुळे हिशेब सोपा आहे : जितके इंच, त्याला ३०० ने गुणायचे.

• पासपोर्ट साईझ (३.५ × ४.५ सेंमी) : सुमारे ४१३ × ५३१ पिक्सेल
• ४ × ६ इंच : १२०० × १८०० पिक्सेल
• ८ × १० इंच : २४०० × ३००० पिक्सेल
• ए-फोर कागदभर : २४८० × ३५०८ पिक्सेल

म्हणजे १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो भिंतीवरच्या फ्रेमला सहज पुरतो. मग फाटतो कशाने?

व्हॉट्सॲपवरून आला की दाणे कमी होतात

बहुतेक वेळा गोची इथेच होते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की डेटा वाचवण्यासाठी तो लहान केला जातो. मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर फरक कळत नाही, पण ८ × १० वर छापला की चेहरा धुरकट दिसतो. तोच फोटो सेव्ह करून पुन्हा पुन्हा पाठवलेला असेल, तर आणखी खराबी होऊ शकते. स्क्रीनशॉट काढला तर त्यात फक्त स्क्रीनवर दिसतात तेवढेच पिक्सेल उरतात.

यावर उपाय आहे. फोटो पाठवताना गॅलरीऐवजी 'डॉक्युमेंट' हा पर्याय निवडला, तर मूळ फाईल जशीच्या तशी जाते. २०२३ पासून 'एचडी'चा पर्यायही आला आहे. तो साध्यापेक्षा बरा, पण मूळ फाईलची बरोबरी त्याला नाही. पेन ड्राईव्ह किंवा केबलने दिलेला फोटो सगळ्यात चांगला.

केबी आणि पिक्सेल : दोन वेगळ्या गोष्टी

अर्ज भरताना गोंधळ होतो तो इथे. पिक्सेल म्हणजे फोटोची लांबी-रुंदी. केबी म्हणजे फाईलचे वजन. मोबाईलचा फोटो तीन-चार एमबीचा, म्हणजे तीन-चार हजार केबीचा असतो. अर्जात मात्र मागणी असते काही केबीची. उदाहरण म्हणून, बँक भरतीच्या आयबीपीएसच्या जाहिरातींत फोटो २०० × २३० पिक्सेल व २० ते ५० केबी, तर सही १४० × ६० पिक्सेल व १० ते २० केबी असा तपशील असतो. प्रत्येक भरतीचा नियम वेगळा, म्हणून चालू जाहिरातीतली सूचना आधी वाचावी.

क्रम असा ठेवावा : आधी फोटो कापून घ्यायचा, मग पिक्सेल ठरवायचे, शेवटी केबी बघायचे. थेट केबी कमी करत बसले की फोटो चौकटी-चौकटींचा होतो. उलट, पिक्सेल कमी केले की वजन आपोआप उतरते. वजन किमान मर्यादेच्याही खाली गेले, तर सेव्ह करताना 'क्वालिटी' थोडी वाढवावी.

अजून एक चूक नेहमी होते. पासपोर्ट साईझचा फोटो ओढून-ताणून २०० × २३० मध्ये बसवला जातो. दोन्हींचे प्रमाण वेगळे असल्याने चेहरा रुंद दिसतो. परीक्षा केंद्रावर ओळख पटवताना असा फोटो डोकेदुखी ठरू शकतो. ४१३ × ५३१ चा फोटो असेल, तर उंची आधी ४७५ पर्यंत कापावी आणि मग लहान करावा. प्रमाण बिघडत नाही.

नुसता डीपीआयचा आकडा बदलून काही होत नाही

काही जण ॲपमध्ये ७२ चे ३०० डीपीआय करतात आणि फोटो सुधारला असे समजतात. पिक्सेल तेवढेच असतील, तर फरक शून्य. पोत्यावरचे लेबल बदलून आतले धान्य वाढत नाही. पिक्सेल कृत्रिमरीत्या वाढवणारी ॲप्सही आहेत, पण मुळात नसलेला तपशील ती अंदाजाने भरतात. एआयने 'क्लिअर' केलेला चेहरा कधी कधी वेगळ्याच माणसाचा वाटतो तो यामुळेच.

जुना फोटो मोठा करायचा असेल तर

घरात आजोबांचा एकच कागदी फोटो असेल, तर त्याचा मोबाईलने फोटो काढू नये. काचेवरची चमक आणि तिरकेपणा त्यात येतो. फोटो फ्रेममधून जपून काढून स्टुडिओत स्कॅन करून घ्यावा. ४ × ६ चा फोटो ३०० डीपीआयवर स्कॅन केला, तर तेवढाच छापता येतो. ६०० वर केला, तर २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात आणि ८ × १२ पर्यंत जाता येते. पासपोर्ट साईझ फोटोसाठी १२०० डीपीआय सांगावे. मात्र मूळ फोटोच अंधुक असेल, तर स्कॅनर त्यात जीव ओतू शकत नाही.

फ्लेक्सला कमी चालते, पण किती?

फ्लेक्स लांबून बघितला जातो, म्हणून तिथे ३०० ची गरज नसते. १० फूट रुंदीच्या बॅनरवर ४००० पिक्सेलचा फोटो पूर्ण पसरला, तर इंचाला ३३ पिक्सेल येतात. रस्त्यावरून पाहताना ते खपून जाते. पण व्हॉट्सॲपवरून आलेला हजारभर पिक्सेलचा फोटो तिथे लावला, तर इंचाला आठच पडतात. मग वाढदिवस असो की श्रद्धांजली, चेहरा ओळखू येत नाही.

एवढे करावे

• मूळ फोटो कधीही डिलीट करू नये. लहान केलेली प्रत वेगळ्या नावाने सेव्ह करावी. जेपीजी फाईल पुन्हा पुन्हा एडिट करून सेव्ह केली की दर वेळी थोडी खराब होते.
• अर्जासाठी केलेला २०० × २३० चा फोटो छपाईला देऊ नये. तो पाऊण इंचापेक्षा मोठा नीट छापला जात नाही.
• गॅलरीत फोटो उघडून 'डिटेल्स'मध्ये पिक्सेल आणि फाईलचे वजन दोन्ही बघता येतात. स्टुडिओत किंवा केंद्रावर जाण्याआधी ते बघून घ्यावे.
• भरतीची तयारी करणाऱ्यांनी फोटो आणि सही मूळ आकारात स्वतःच्या ईमेलवर अटॅच करून ठेवावी. पुढच्या अर्जाला तीच फाईल कापून वापरता येते आणि शेवटच्या दिवशी स्टुडिओ शोधत फिरावे लागत नाही.